तीस सेकंद गप्प बसा, सर

पत्र

ताई, नमस्कार. मी एका व्हॉलीबॉल क्लबमध्ये प्रशिक्षक आहे. क्लब छोटा आहे. एक मैदान, दोन नेट, १४ ते १७ वयाची २२ मुलंमुली आणि त्यांच्याखाली ८ ते १२ वर्षांच्या लहानग्यांची एक तुकडी. गेल्या वर्षी कार्यकारिणीनं ठरवलं की मोठ्या मुलांना नेतृत्वाचं प्रशिक्षण द्यायचं. दोन दिवसांचं शिबिर झालं. बाहेरून वक्ते आले, गटचर्चा झाल्या, डोळे बांधून एकमेकांना चालवायचे खेळ झाले, प्रमाणपत्रं वाटली. मुलं खूश होती. आठवड्याभरात सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

परवा सराव चालू असताना फोन आला म्हणून मी बाहेर गेलो. सात मिनिटांनी परत आलो, तर अर्धी मुलं पायऱ्यांवर बसलेली, दोघं नेटला लोंबकळत होते आणि कर्णधार सेटरवर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणाऱ्यावर, ओरडत होता. तो आमचा सर्वांत चांगला स्मॅशर, म्हणून त्याला कर्णधार केलं होतं. मुलींच्या संघात एक लिबेरो, म्हणजे मागे राहून फक्त बचाव करणारी खेळाडू, आहे. फारशी बोलत नाही. पण नेट बांधणं, बॉल मोजणं, हजेरी, लहान मुलांच्या बुटांच्या नाड्या, सगळं न सांगता तीच करते. शिबिरातल्या वक्त्यांनी तिला लाजाळूपणा सोडायला सांगितलं होतं.

यंदा कार्यकारिणी तीन दिवसांचं शिबिर घ्या म्हणतेय. काही पालक म्हणतात, अभ्यास बुडतो. मला वाटतं, माझ्याच शिकवण्यात काहीतरी कमी पडतंय. या वयात नेतृत्व शिकवता येतं, की ते अंगातच असावं लागतं? आणि कर्णधार बदलू का?

– एक प्रशिक्षक

उत्तर

सर, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे ती सात मिनिटं. शिबिर, प्रमाणपत्रं, अभ्यास सगळं बाजूला ठेवून मी तेवढाच भाग तीनदा वाचला. कारण नेमकं हेच दृश्य पंच्याऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी काही माणसांनी मुद्दाम घडवून पाहिलं होतं.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी दहा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळं तयार केली. मुलं जमायची, मुखवटे वगैरे बनवायची. प्रत्येक मंडळाला एक मोठा माणूस नेमलेला. काही ठिकाणी तो हुकूम सोडायचा: आता हे करा, आता ते करा, पुढचं मी सांगेन. काही ठिकाणी तो मुलांबरोबर बसून काय करायचं ते ठरवायचा. आणि काही ठिकाणी तो नुसताच हजर असायचा, सगळं मुलांवर सोडून. १९३९ साली त्यांनी निष्कर्ष छापले. हुकमी गटातली मुलं माणूस समोर असेपर्यंत भराभर काम करायची, तो खोलीबाहेर गेला की काम थंड. बरोबर बसून ठरवणाऱ्या गटात माणूस बाहेर गेला तरी हात चालूच राहायचे. सगळं सोडून दिलेल्या गटात काम सगळ्यांत कमी झालं. आणखी एक गोष्ट: काही हुकमी गटांत मुलं आपसातल्याच एखाद्यावर तुटून पडायची.

आता तुमचा कर्णधार सेटरवर का ओरडत होता, ते पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा.

तेव्हा तुमच्या शिकवण्यात कमी नाही. उलट झालंय असं की सरावातली प्रत्येक गोष्ट, कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, कुणाचं चुकलं, पुढे काय, हे सगळं तुमच्या एका शिट्टीत साठलंय. शिट्टी बाहेर गेली की त्या मुलांच्या हाती काहीच उरत नाही. त्यांना आळशी म्हणू नका. तुम्ही नसताना काय करायचं, हा प्रश्न त्यांना आजवर पडलाच नव्हता, इतकंच.

अंगात असतं की शिकवता येतं, या वादात मी पडणार नाही. सर्व्हिस अंगात असते का? कुणाचा हात लांब असतो, कुणाचा खांदा सैल असतो, हे खरंच. पण बॉल किती वर उडवायचा हे दोनशेदा उडवल्यावरच कळतं. फळ्यावर सर्व्हिसचा कोन काढून दाखवला म्हणून कुणाची सर्व्हिस नेटपलीकडे गेलेली मी पाहिली नाही. तुमचं शिबिर म्हणजे तो फळा होता. फळा वाईट नसतो, फक्त त्याची वेळ चुकली. ज्या मुलानं कधी दहा जणांना एका जागी उभं करून दाखवलेलं नाही, त्याला 'संघभावना' हा शब्द देऊन तो काय करणार? आधी त्याला दहा जण न ऐकल्याचा अनुभव हवा. मग तो स्वतःच विचारत येईल, आणि त्या दिवशी वक्ते बोलवा. यंदा मात्र नको. ते तीन दिवस आणि त्याला लागणारे पैसे लहान मुलांसाठी बुटक्या नेटवर घालवा. ते नेट लागणारच आहे, का ते पुढे सांगते.

आधी कर्णधाराचं बघू, कारण तो प्रश्न तुम्हाला झोपू देत नसणार.

चांगला खेळाडू आणि चांगला कर्णधार ही दोन माणसं असू शकतात, हे आपण मान्य करतो आणि निवड करताना नेमकं विसरतो. सचिन तेंडुलकर यांनी २५ कसोटींत नेतृत्व केलं आणि त्यातल्या ४ जिंकल्या. फलंदाज म्हणून त्यांच्याबद्दल कुणी काय बोलावं! दुसऱ्या टोकाला इंग्लंडचे माइक ब्रिअर्ली. ३९ कसोटी, एकही शतक नाही, सरासरी २३ च्याही खाली. पण ३१ कसोटींत कर्णधार आणि त्यातल्या १८ जिंकलेल्या, फक्त ४ हरलेल्या. १९८१ ची गोष्ट तर तुमच्या कर्णधारासाठीच घडल्यासारखी आहे. इयान बोथम हा इंग्लंडचा सर्वांत धडाकेबाज खेळाडू कर्णधार होता. १२ कसोटींत त्याला एकही विजय मिळाला नाही, आणि त्याचा स्वतःचा खेळही बसला. मालिकेच्या मध्येच कर्णधारपद ब्रिअर्लींकडे परत गेलं. पुढच्याच कसोटीत, हेडिंग्लेला, फॉलोऑन मिळालेला असताना बोथमनं नाबाद १४९ धावा केल्या आणि इंग्लंड १८ धावांनी जिंकलं.

यावरून लगेच तुमच्या स्मॅशरच्या छातीवरची कर्णधारपदाची पट्टी काढू नका. बोथम तेव्हा पंचविशीत होता, तुमचा कर्णधार सोळाचा असेल. या वयात सगळ्यांदेखत काढून घेतलेली गोष्ट मुलं वर्षानुवर्षं विसरत नाहीत, आणि बाकीच्यांनाही एक धडा मिळतो: इथे चुकलं की पद जातं, तेव्हा पदाच्या वाटेला न गेलेलं बरं.

त्याऐवजी त्याच्याशी एकट्यानं बोला. एकट्यानं हे महत्त्वाचं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाडी चालवण्याच्या एका संगणकी खेळात असं दिसलं की किशोरवयीन मुलं एकटी असताना जितका धोका पत्करतात, त्याहून बराच जास्त मित्र पाहत असताना पत्करतात. मोठ्या माणसांत असा फरक दिसला नाही. मैदानावर आपण हे रोज बघतो. एकविसाव्या गुणाला मैत्रिणी पायऱ्यांवर बसलेल्या असल्या की साधी सर्व्हिस सोडून मुलगा जंप सर्व्हिस मारतो आणि बॉल कुंपणाबाहेर जातो. रागावण्याचंही तसंच आहे. सगळ्यांसमोर बोललात की तो तुम्हाला उत्तर देणार नाही, तो प्रेक्षकांना उत्तर देईल.

आणि बोलताना 'तू ओरडतोस' हे पहिलं वाक्य नको. 'तू ओरडल्यावर सेटरचे पुढचे तीन पास कसे गेले?' असं विचारा. त्याला आकडा माहीत नसेल. मग पुढच्या सामन्यात त्याला एक सेट बाकावर बसवा आणि वहीत हेच लिहायला सांगा: कोण कुणाला काय बोललं आणि त्यानंतरचा बॉल कसा गेला. शिक्षा म्हणून नाही, हे स्पष्ट सांगून. स्मॅशरला कोर्टवरून फक्त आपल्याकडे येणारा बॉल दिसतो. बाकावरून त्याला पहिल्यांदाच सेटरचा चेहरा दिसेल. ओरडणारी बरीच मुलं वाईट नसतात. हरण्याचा सगळा भार त्यांनी आपल्याच अंगावर घेतलेला असतो आणि तो कसा वाटून द्यायचा हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

वाटून द्यायचा, हाच माझा मुख्य सल्ला.

'कर्णधार' हा शब्द एकाच मुलाच्या छातीवर लिहून आपण २१ जणांना मोकळं करतो. नियमाप्रमाणे ती पट्टी ८ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद असते. पंचांशी कुणी बोलायचं एवढं ठरवायला ती पुरे. संघ चालवणं तिच्या आवाक्यातलं नाही. कामं मोजा तुमच्या क्लबमधली. वॉर्मअप कोण घेतं? गुण कोण लिहितं, लाइनवर कोण उभं राहतं, लहानग्यांना अंडरहँड कोण शिकवतं, मैत्रीच्या सामन्याला समोरच्या क्लबशी तारीख कोण ठरवतं, कोण खेळणार ते कोण ठरवतं, दुखापत झालेल्या मुलाला फोन कोण करतं? मला खात्री आहे, यातल्या बहुतेक सगळ्याचं उत्तर 'मी' असं आहे. तुम्ही थकलेले आहात, सर. पत्राच्या प्रत्येक ओळीतून ते कळतं.

ही कामं मुलांना द्यायची. पण इथेच मोठी माणसं एक लबाडी करतात, बहुतेक वेळा नकळत. काम देतात, पण असं, की मुलानं ते केलं नाही तरी काही अडत नाही. पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणं, सूत्रसंचालन, 'युवा प्रतिनिधी' म्हणून फोटोत उभं राहणं. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली आहे. तिच्या खालच्या तीन पायऱ्या आहेत: मुलांना वापरून घेणं, मुलांना शोभेला ठेवणं आणि नावापुरतं विचारणं. हार्ट या तिन्हींना सहभाग मानतच नाहीत. आणि सर्वांत वरच्या पायरीवर मोठी माणसं गायब नसतात. तिथे कल्पना मुलांची असते आणि निर्णय मुलं व मोठी माणसं मिळून घेतात. लेविनचा तिसरा गट आठवा. सोडून देणं म्हणजे सोपवणं नव्हे.

माझी कसोटी साधी आहे: या मुलानं हे काम केलं नाही, तर मंगळवारी काही अडेल का? अडणार असेल तर ते खरं काम.

म्हणून ते बुटकं नेट. लहानग्यांची तुकडी तुमच्याकडे आयती आहे, आणि १५ वर्षांच्या मुलासाठी ९ वर्षांच्या दहा मुलांइतका कठोर शिक्षक दुसरा नाही. कंटाळा आला की ती मुलं सरळ पाठ फिरवतात. सूचना लांबली की जमिनीवर बसतात. तिथे स्मॅश कामाला येत नाही. दोन-दोन मोठी मुलं मिळून आठवड्यातून एकदा २० मिनिटं लहानांना एकच गोष्ट शिकवतील, असं ठरवा. आदल्या दिवशी त्यांनी तुम्हाला दोन ओळींत सांगायचं: काय शिकवणार, आणि जमलं नाही तर दुसरं काय. नंतर पाच मिनिटं बसून विचारा: कुठे पोरं पांगली? तुम्ही काय पाहिलंत ते शेवटी सांगा, तेही एकच.

केनियातल्या नैरोबीच्या माथारे वस्तीत १९८७ साली सुरू झालेली माथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन हे या वाटेवरचं फार मोठं उदाहरण. तिथल्या फुटबॉल लीगमध्ये वस्ती साफ केल्याबद्दलही संघाला गुणतक्त्यात गुण मिळतात. म्हणजे शनिवारी गोल मारणारा आणि शनिवारी गटार साफ करणारा, दोघांचं काम एकाच तक्त्यात. सामने भरवणं, लहानांना शिकवणं, समित्यांवर निवडून येणं, हे तिथे मुलंच मोठ्या प्रमाणावर करतात. तुमच्याकडेही क्लबच्या अंतर्गत सामन्यांत एक गुण वेळेवर लाइनवर उभं राहण्याचा, एक लहानांना शिकवण्याचा ठेवून बघा. कार्यकारिणी कुरकुर करेल. मुलं पहिल्या दिवशी हसतील आणि दुसऱ्या आठवड्यात गुण मोजायला लागतील.

सगळ्यांना एकदम सगळं देऊ नका मात्र. डॉन हेलिसन यांनी शिकागोतल्या अडचणीत वाढणाऱ्या मुलांबरोबर खेळातून जबाबदारी शिकवण्याची एक पद्धत वर्षानुवर्षं घडवली. तिच्यात आधी येतो दुसऱ्याच्या हक्काचा आणि भावनांचा मान. मग स्वतःचे कष्ट. मग कुणी न सांगता स्वतःचा सराव स्वतः करणं. दुसऱ्यांना मदत आणि नेतृत्व चौथ्या पायरीवर आहे, आणि पाचवी पायरी म्हणजे हे सगळं मैदानाबाहेर नेणं. आपण पहिल्या दिवशी चौथ्या पायरीवर उडी मारायला लावतो आणि गुडघा फुटला की मुलाला दोष देतो. तुमची मुलं सात मिनिटं एकटी राहू शकली नाहीत, म्हणजे काम तिसऱ्या पायरीवर आहे. तेव्हा पहिला महिना एवढंच करा: प्रत्येक सरावातली दहा मिनिटं प्रत्येकाची स्वतःची. आज मी काय सुधारणार ते प्रत्येकानं ठरवायचं, जोडीदार शोधायचा, करायचं. तुम्ही मैदानावर असाल, शिट्टी खिशात असेल.

आठवड्यातून एक सेट पंचाशिवाय खेळवा, हेही सुचवते. अल्टिमेट फ्रिस्बी या उडत्या चकतीच्या सांघिक खेळात जागतिक स्पर्धेतसुद्धा फाउलचा निर्णय खेळाडूच देतात. 'माझा हात लागला' हे सोळा वर्षांच्या मुलानं मोठ्यानं कबूल करणं, तेही तेविसाव्या गुणाला, यात जे घडतं ते कुठल्या गटचर्चेत घडत नाही.

आता तुमची लिबेरो. तिला लाजाळूपणा सोडायला सांगणाऱ्या वक्त्यांवर मी चिडले, ते तसंच लिहून ठेवते. तिला काय सोडायचंय? ती बोलत नाही, पण तुमच्या २२ जणांपैकी नऊ वर्षांच्या पोराच्या सुटलेल्या नाडीकडे लक्ष जाणारी ती एकटीच आहे.

तरी इथे एक धोका आहे, आणि तो मी अनेक क्लबांत पाहिलाय. जी मुलगी कामं करते तिला आपण आणखी कामं देतो आणि त्याला जबाबदारी म्हणतो. बॉल मोजणं, जर्सी धुवायला नेणं, हजेरी मुलींकडे. संघनिवड आणि डावपेच मुलांकडे. वर्षाच्या शेवटी तिला 'सर्वांत मदत करणारी खेळाडू' असं बक्षीस मिळतं. आधी तिचं ओझं उतरवा. बॉल मोजणं आणि नेट बांधणं सगळ्यांत फिरू दे, स्मॅशरसकट. मग तिला एका गोष्टीचा निर्णय द्या. लहानग्यांच्या सरावाचं महिन्याचं वेळापत्रक कोण, कधी, काय, हे ती ठरवेल. तुम्ही फक्त एकदा बघाल. तिला आधी विचारा, आणि नको म्हणाली तर नको. महिन्यानं पुन्हा विचारा.

तिला एक गोष्ट जरूर सांगा. लिबेरोला सर्व्हिस करू देत नाहीत, ब्लॉक करू देत नाहीत, नेटच्या उंचीवरून मारू देत नाहीत, आणि पूर्वी आंतरराष्ट्रीय नियमांत तिला कर्णधारही होऊ देत नसत. २०२१ ते २०२४ साठीच्या नियमावलीत ते बदललं. आता लिबेरो कर्णधार होऊ शकते. मागे उभं राहून ज्याला सगळं कोर्ट दिसतं त्यानं संघाच्या वतीनं बोलावं, यात वावगं काय, हे लोकांच्या लक्षात यायला तेवढी वर्षं लागली.

आता माझी एक चूक सांगते, कारण तुम्ही ती पुढच्या दोन महिन्यांत करणार आहात.

मी शिकवत होते तेव्हा एका पंधरा वर्षांच्या मुलीला सेटच्या आधी द्यायचा क्रमाचा कागद भरायला दिला. कोण कुठल्या जागेवर सुरुवात करणार, तो कागद. सही माझी, भरणार ती. तिसऱ्या सामन्यात तिनं दोन क्रमांक उलटे लिहिले. मुली ठरल्याप्रमाणे उभ्या राहिल्या, कागद वेगळंच सांगत होता, आणि जागा चुकल्याचा गुण समोरच्यांना गेला. सेट आम्ही दोन गुणांनी हरलो. मी तिला एक शब्दही बोलले नाही. फार समजूतदार वाटलं मला माझंच. पुढच्या सामन्याला कागद मी स्वतःच भरला.

त्या मुलीनं पुन्हा कधी कुठलं काम मागितलं नाही. दोन वर्षं होती क्लबमध्ये. चांगली खेळायची, सांगितलं ते करायची. न बोलता मी जे केलं ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं, हे मला बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्याच एका मुलीच्या बाबतीत, कळलं. पुढच्या सामन्याला कागद तिच्याच हातात जायला हवा होता. फार तर 'भरून झाला की सेटरकडून एकदा वाचून घे' एवढं सांगून.

तेव्हा काम देताना आधीच ठरवा की कितीपर्यंत चुकलेलं तुम्हाला चालेल. मैत्रीचा सामना हरला तर चालेल? चालायला हवं. लहानग्यांचा एक सराव फसला तर? चालेल. एखादं मूल घरी पोचलं की नाही हे कळलं नाही तर? नाही, मुळीच नाही. म्हणजे ते काम मुलांना द्यायचंच नाही. लहानांची ने-आण, दुखापत, औषध, चाव्या, पैसे, पालकांशी तक्रारीचं बोलणं हे मोठ्यांकडे. मोठी मुलं लहानांना शिकवत असतील तेव्हा नजरेच्या टप्प्यात एक मोठं माणूस कायम हवं. आणि शिक्षा देण्याचा अधिकार कुठल्याही मुलाला नको. 'मैदानाला पाच चकरा मार' हे सोळा वर्षांच्या तोंडून दहा वर्षांच्या मुलाला ऐकू आलं, की तिथे थांबवा. एकदा चालवून घेतलंत की मुलं नेतृत्व म्हणजे तेच समजतील, कारण करायला ते सगळ्यांत सोपं आहे.

आता शीर्षकातले तीस सेकंद.

प्रत्येक सेटमध्ये तुम्हाला दोन टाइमआउट मिळतात, प्रत्येकी ३० सेकंदांचे. पुढच्या मैत्रीच्या सामन्यापासून त्यातला एक मुलांचा. तुम्ही जवळ उभे राहायचं, हात पाठीमागे, तोंड बंद. पहिल्यांदा काय होईल ते सांगते: सगळी तुमच्याकडे बघत राहतील. तीस सेकंद फार लांब असतात. तुम्हाला दिसत असेल की समोरचा संघ सारखा तुमच्या डाव्या कोपऱ्यात मारतोय, आणि जीभ शिवशिवेल. पाणी प्या. दुसऱ्या सामन्यात फक्त स्मॅशर बोलेल, बहुधा ओरडून. मग त्याला एक नियम द्या: मुलांच्या टाइमआउटमध्ये कर्णधारानं फक्त दोन प्रश्न विचारायचे. 'तुम्हाला काय दिसतंय?' आणि 'पुढच्या बॉलला काय करायचं?' उत्तर त्यानं द्यायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी. त्याच्यासाठी हे सर्वांत अवघड प्रशिक्षण आहे, आणि त्याची पट्टी काढण्याऐवजी हेच करा.

मुलींच्या सामन्यातही हेच करा. एखाद्या दिवशी लिबेरो म्हणेल, 'डावीकडे येतोय सगळा.' तेवढंच म्हणेल. दोन पावलं डावीकडे सरकतील आणि बॉल उचलला जाईल. तिला तुम्ही नंतर काही बोलू नका. बॉल उचलला गेला हे तिनं पाहिलंय.

पालकांचं थोडक्यात. अभ्यासाची भीती खोटी नाही, तिला हसू नका. सराव सोडून आठवड्याला एक तासाच्या वर कुठल्याही मुलाकडून काम घ्यायचं नाही आणि कुठलंही काम तीन महिन्यांच्या वर एकाकडे ठेवायचं नाही, असं लिहून द्या. परीक्षेच्या महिन्यात सगळं बंद. तीन महिने झाले की ज्याच्याकडे काम होतं त्यानं पुढच्याला शिकवायचं. तुमच्या खेळात हे आधीच आहे: समोरच्यांकडून सर्व्हिस जिंकली की सगळे एक जागा पुढे सरकतात, आणि उंच मुलालाही मागे जाऊन बॉल उचलावा लागतो.

कार्यकारिणीचं जरा अवघड, कारण त्यांना फोटो हवाय. द्या. लहानग्यांना शिकवतानाचा काढा. पण त्याबरोबर एक मागा: महिन्याच्या बैठकीत दोन मुलांना बसू द्या, एका विषयापुरतं, खऱ्या मतासकट. अंतर्गत स्पर्धेचं वेळापत्रक हा विषय चांगला. १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडायचा हक्क देतं आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायला सांगतं. हे बैठकीत वाचून दाखवू नका, लोक बिथरतात. नुसत्या दोन खुर्च्या जास्त मांडा.

आणि तीन महिन्यांनी सरावाच्या मध्ये पुन्हा एकदा फोन घ्यायला बाहेर जा. त्या आधी एखाद्या दुसऱ्या मोठ्या माणसाला पायऱ्यांवर बसवून, अर्थात. सात मिनिटं थांबा. बहिणीला फोन करा, किती दिवसांत केला नसेल. परत आल्यावर नेटला कुणी लोंबकळत असेल तर मला पुन्हा लिहा, आपण कुठे अडलं ते बघू. पण आत रॅली चालू असेल, तर शिट्टी काढू नका. बॉल खाली पडेपर्यंत दारातच उभे राहा.

– ताई